गावात यंत्र नाही, मग आकडा आला कुठून?

गेल्या अंकात या सदरात महाराष्ट्राचा पीएम २.५ चा नकाशा छापला होता. एक-एक किलोमीटरचे चौकोन, पिवळ्यापासून जांभळ्यापर्यंतचे रंग आणि खाली 'उपग्रह आणि मशीन लर्निंग वापरून काढलेला वार्षिक सरासरीचा अंदाज' अशी ओळ. बहुतेक पत्रांनी नेमकं त्या ओळीवर बोट ठेवलंय. मला याचा मनापासून आनंद झाला, म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला दिलंय. ज्यांच्या हाती तो अंक आला नाही त्यांच्यासाठी एवढंच: पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाचे कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. हे कण नाकात अडत नाहीत, फुप्फुसात खोलवर जातात.

ताई, मी भद्रावती तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या गावात हवा मोजायचं यंत्र नाही, शेजारच्या गावांतही नाही. तरी नकाशात आमच्या गावाला आकडा आहे. मुलं विचारतात, 'बाई, हा कोणी मोजला?' काय सांगू? आणि अंगणात कपडे वाळत घातले की संध्याकाळी त्यांवर काळी पूड बसलेली असते, ती यात धरली आहे का?

मुलांना खरं तेच सांगा, बाई. तुमच्या गावात तो कोणीही मोजलेला नाही. भलत्याच चार गोष्टी मोजल्या आणि त्यांवरून तो काढला. कसा काढला ते सविस्तर लिहिते, कारण हे एकदा कळलं की खालची निम्मी पत्रं सोपी होतात.

नासाचे टेरा आणि अ‍ॅक्वा हे दोन उपग्रह सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. टेरा डिसेंबर १९९९ मध्ये वर गेला, अ‍ॅक्वा मे २००२ मध्ये. दोघांवरही मोडिस नावाचं उपकरण आहे. ते हवेचा नमुना घेत नाही. सूर्याचा उजेड जमिनीवरून आणि हवेतल्या कणांवरून परत वर जातो, तो ते ३६ निरनिराळ्या तरंगपट्ट्यांत मोजतं. हवेत कण वाढले की वरून पाहताना जमिनीवर दुधाळ पडदा दिसतो. तो पडदा किती दाट आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे एरोसोल ऑप्टिकल डेप्थ. आम्ही त्याला एओडी म्हणतो. एओडी ०.५ असेल तर डोक्यावरच्या सूर्याच्या थेट उजेडापैकी सुमारे ६१ टक्केच कणांमधून पार होऊन खाली पोचतो. एओडी १ झाला की ३७ टक्के.

पण उजेड जमीनसुद्धा परत पाठवते. ताडोबाच्या गर्द झाडीवर धुराचा पडदा चटकन ओळखू येतो. नदीची वाळू, सिमेंटची छपरं, सुकलेलं गवत मुळातच उजळ, तिथे पडदा कुठला आणि जमीन कुठली हे ठरवणं जड जातं. यावर नासातल्या अलेक्सी ल्यापुस्तिन यांनी विकसित केलेली मायॅक नावाची पद्धत हल्ली सर्रास वापरतात. ती एकाच जागेची सोळा दिवसांपर्यंतची निरीक्षणं एकत्र घेऊन बघते. जमीन हळूहळू बदलते, हवा रोज बदलते, तेव्हा दिवसागणिक जे बदललं ते हवेचं. या पद्धतीमुळेच एक किलोमीटरचे चौकोन शक्य झाले.

इथवर हाती आलं ते एओडी. ते जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेचं मिळून एक माप आहे. आपल्याला हवं आहे ते मुलांच्या नाकापाशी किती कण आहेत ते, आणि खरी मेहनत इथेच आहे. चमचाभर साखर पेलाभर पाण्यात घातली आणि तेवढीच मोठ्या पातेल्यात घातली, तर गोडी सारखी लागणार नाही. उपग्रहाला फक्त चमचा दिसतो. भांडं केवढं, हे दुसरीकडून विचारावं लागतं.

हवेचं भांडं म्हणजे जमिनीलगतचा ढवळला जाणारा थर. समजा, जानेवारीतल्या एका सकाळी चंद्रपुरात हा थर ५०० मीटर आहे आणि मे महिन्यातल्या एका दुपारी २,५०० मीटर. दोन्ही दिवशी एओडी ०.५ आहे आणि सगळे कण या थरातच आहेत असं धरलं, तर जानेवारीत जमिनीजवळ ते पाचपट दाट होतील. वरून बघणाऱ्याला दोन्ही दिवस सारखेच. म्हणून थराची उंची हवामानाच्या प्रारूपांतून घ्यावी लागते. युरोपीय हवामान केंद्राचं ईआरए५ हे प्रारूप ती तासातासाला देतं, पण त्याचा चौकोन साधारण ३१ किलोमीटरचा, म्हणजे तुमचं गाव आणि चंद्रपूर शहर बऱ्याचदा एकाच चौकोनात.

मग दमटपणा. सल्फेट, नायट्रेटसारखे कण ओलावा शोषून फुगतात आणि फुगलेला कण उजेड जास्त विखुरतो. जमिनीवरचं यंत्र मात्र हवा गरम करून, ओलावा घालवून मग मोजतं. त्यामुळे दमट दिवशी वरून हवा आहे त्याहून मळकट दिसते.

आता संगणकाच्या शिकवणीची पाळी. चंद्रपूर शहरात आणि खुटाळ्याच्या एमआयडीसीत सतत मोजणारी केंद्रं आहेत. अशा केंद्रांवर सर्रास दिसणारं यंत्र मुलांना कधी दाखवता आलं तर जरूर दाखवा. आत कागदासारख्या फितीचं रीळ असतं. यंत्र हवा ओढतं, कण फितीवर बसतात, त्यातून बीटा किरण सोडले की किती अडले यावरून वजन कळतं. फीत पुढे सरकते आणि दर तासाला तिच्यावर एक गोल डाग राहतो. जुलैतली फीत काढली तर डाग शोधावे लागतात. डिसेंबरातल्या फितीवर रात्रीचे डाग काळपट, पहाटे आणखी गडद आणि दुपारी फिके होत गेलेले दिसतात. थराची उंची दिवसभर कशी वरखाली होते, हे त्या फितीवर नुसत्या डोळ्यांनी वाचता येतं. मला कुठल्याही आलेखापेक्षा ती फीत जास्त पटते.

संगणकाला अशा केंद्रांच्या हजारो नोंदी देतात. प्रत्येक नोंदीत त्या दिवसाचं एओडी, थराची उंची, दमटपणा, वारा, तापमान, आसपासचे रस्ते, वस्ती, झाडोरा, जागेची उंची, आणि शेवटी यंत्राने दिलेला खरा आकडा. या सगळ्यांचा त्या आकड्याशी काय मेळ बसतो हे संगणक शोधतो. मेळ बसला की तुमच्या गावाच्या बाकी सगळ्या गोष्टी त्याला देतात आणि जो रकाना रिकामा आहे तो भरायला सांगतात. तुमच्या गावाचा आकडा असा आला. म्हणजे तो मुळात चंद्रपूर, नागपूर आणि आणखी लांबच्या केंद्रांकडून शिकलेला आहे. तुमच्या गावची परिस्थिती त्या केंद्रांसारखी असेल तेवढाच तो भरवशाचा.

काळी पूड यात नाही. ती कोळशाची भरड धूळ. कपड्यांवर बसलेली डोळ्यांना दिसते, म्हणजे कण मोठे आहेत. खाण, कोळशाच्या गाड्या, उघडे ढीग यांतून ती उडते आणि जवळच बसते. चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं वीजकेंद्र आणि भोवतीच्या खाणी असताना तुमची तक्रार बारीक कण आणि भरड पूड अशा दोन वेगळ्या गोष्टींची आहे, आणि तुमच्या दाराशी रोज दिसणारी गोष्ट त्या नकाशात नाही. नकाशा फिका दिसला म्हणून ती पूड खोटी ठरत नाही, एवढं मुलांना आणि मोठ्यांनाही आवर्जून सांगा.

मी मूळची सांगलीची, आता कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असते. ९ सप्टेंबर २०२० ला आमच्याकडे दिवसा आकाश नारिंगी झालं होतं, दुपारी दिवे लावले होते. पण त्या दिवशी हवेचा निर्देशांक फारसा वाईट नव्हता आणि दोन-तीन दिवसांनी आकाश बरं दिसत असताना तो भयंकर चढला. यंत्रं बिघडली होती का?

यंत्रं ठीक होती. वर लिहिलेल्या गोष्टीचं याहून लख्ख उदाहरण मला माहीत नाही. उत्तर कॅलिफोर्नियातल्या वणव्यांचा प्रचंड धूर त्या दिवशी तुमच्या डोक्यावर उंच होता. खाली समुद्रावरून आलेल्या थंड हवेचा थर पसरला होता आणि त्याने धूर वरच अडवून धरला. सूर्याचा निळा उजेड धुराने गाळला, नारिंगी तेवढा खाली आला, पण नाकापाशी हवा बरीचशी समुद्राचीच होती. पुढच्या दिवसांत धूर खाली उतरला आणि आकडे चढले. नुसत्या एओडीवरून अंदाज बांधला असता तर नऊ तारखेला हाहाकार दाखवावा लागला असता. धूर किती उंचीवर आहे हे संगणकाला सांगणारं काही नसेल, तर अशा दिवशी तो फसतो. वणव्याच्या मोसमात तुमच्याकडे वर्षाचा नकाशा बघू नका, जवळच्या केंद्राचा तासाचा आकडा बघा.

पुण्यात जानेवारी २०२२ मध्ये गाड्यांवर पांढरट धूळ बसली होती, समोरच्या टेकड्या दिसेनात. ते उपग्रहाला दिसलं होतं का?

स्वच्छ दिसलं होतं. २३ जानेवारीचं ते धुळीचं वादळ. पाकिस्तानातून अरबी समुद्रावरून आलेली धूळ गुजरात, मुंबई, पुण्यापर्यंत पोचली होती. धूळ भरड असते, म्हणून त्या दिवशी पीएम १० मधली, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांमधली, वाढ जास्त महत्त्वाची. भरड आणि बारीक कण उजेड वेगवेगळ्या रंगांत वेगवेगळे विखुरतात, त्यावरून उपग्रहाला थोडा फरक करता येतो. जमिनीवरून सूर्याकडे रोखलेला सूर्यप्रकाशमापक तो जास्त चांगला करतो. पुण्यात आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत २००४ पासून आणि कानपूरच्या आयआयटीत २००१ पासून असा मापक आहे. उपग्रहाचं एओडी बरोबर आहे की नाही, याची परीक्षा तो घेतो.

नमस्कार मॅडम. मी छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी राज्यातल्या केंद्रांचा डेटा, मायॅकचं एओडी आणि ईआरए५ घेऊन रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांच्या उत्तरांची सरासरी घेणारं) मॉडेल केलं. आर-स्क्वेअर (१ म्हणजे अंदाज तंतोतंत) ०.९१ आला. गाईड खूश झाले. पण नागपूर पूर्ण बाजूला ठेवून त्यावर तपासलं तर ०.४ च्या खाली! रिपोर्टमध्ये कुठला आकडा लिहू?

दुसरा. आणि नागपूर बाजूला ठेवून बघायचं तुम्हाला सुचलं, याबद्दल तुमची पाठ थोपटते, कारण छापून आलेल्या अनेक निबंधांतही ही तपासणी सापडत नाही.

०.९१ कसा आला ते पाहा. तुम्ही सगळ्या नोंदी पिसून ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के परीक्षेला ठेवल्या असणार. म्हणजे नागपूरची १४ डिसेंबर परीक्षेत, तर १३ आणि १५ डिसेंबर शिकवणीत. हवा एका रात्रीत फारशी पालटत नाही. त्यात अक्षांश-रेखांश दिलेले असतील, तर झाडाला केंद्र ओळखता येतं, वर्षातला दिवस दिला असेल तर मोसमही ओळखता येतो. मग ते एओडीकडे बघतही नाही. 'हे नागपूर, महिना डिसेंबर, म्हणजे आकडा एवढा' इतकंच शिकतं. ज्या गावात केंद्र नाही तिथे या शिक्षणाचा काडीचा उपयोग नाही, आणि मॉडेल तर आपण त्याच गावांसाठी करतो.

तेव्हा आधी एकेक केंद्र पूर्ण काढून तपासा. मग एकेक शहर काढा, एकाच शहरातली दोन केंद्रं एकमेकांना सांभाळून घेतात. मग एक अख्खं वर्ष. तिन्ही आकडे रिपोर्टमध्ये एकाखाली एक लिहा आणि सोबत चूक किती मायक्रोग्रॅमची तेही द्या. आर-स्क्वेअर एकट्याने काही सांगत नाही.

यानंतर एक प्रयोग जरूर करा, तासाभराचं काम आहे. एओडीचा रकाना काढून टाका आणि तेच मॉडेल पुन्हा शिकवा. निकाल जवळपास तोच आला, तर तुमच्या मॉडेलमध्ये उपग्रह नावापुरता आहे, सगळं काम हवामान आणि दिनदर्शिका करतायत. असं निघालं तर दडवू नका, तोच तुमच्या प्रोजेक्टचा सगळ्यात मोलाचा निष्कर्ष असेल.

रँडम फॉरेस्टची एक जन्मजात खोड लक्षात ठेवा. त्याचं प्रत्येक उत्तर शिकवणीतल्या आकड्यांची सरासरी असतं. शिकवणीत सगळ्यात मोठा आकडा २१० असेल, तर ते कधीही २११ म्हणणार नाही. प्रत्यक्षात त्याच्याही बरंच खाली थांबतं. शिखरं कापली जातात, दऱ्या भरल्या जातात. वार्षिक सरासरीत हे फार बोचत नाही. पण सगळ्यात वाईट दिवस कोणते हे शोधायचं असेल तर नेमके तेच दिवस सौम्य होऊन येतात. झाडं एकामागून एक शिकवणाऱ्या बूस्टिंगच्या पद्धतींतही ही अडचण थोड्याफार फरकाने असतेच.

आणि रिकाम्या दिवसांकडे बघा. ढग असले की एओडी मिळत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बहुतांश रकाने कोरे राहतात. तुम्ही त्या नोंदी गाळून टाकल्या असतील, तर पावसाने धुतलेले दिवस सरासरीतून गेले आणि वर्षाचा आकडा फुगला. गंगेच्या मैदानात उलटं होतं. तिथे जानेवारीतलं धुकं आणि कधीकधी दाट धूरसुद्धा ढग समजून गाळला जातो, म्हणजे सगळ्यात वाईट दिवसच गायब होऊन आकडा कमी येतो. कोरे दिवस योगायोगाने कोरे नसतात. नासाच्या मेरा-२ सारख्या प्रारूपातलं एओडी घेऊन आधी ते भरा, मग पुढे जा.

या सगळ्याची सुरुवात किती साधी होती बघा. २००३ मध्ये वांग आणि क्रिस्टोफर यांनी अमेरिकेत अलाबामातल्या जेफरसन काउंटीमधल्या सात केंद्रांचे आकडे आणि मोडिसचं एओडी शेजारी ठेवून दोन्ही एकत्र वरखाली होतात हे दाखवलं. २०१० मध्ये व्हॅन डोंकेलार आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाचं एओडी आणि जिओस-केम हे वातावरणाचं प्रारूप जोडून सगळ्या जगाचा नकाशा काढला. त्यांनी एओडी आणि जमिनीवरचे कण यांचं नातं भौतिक-रासायनिक प्रारूपातून घेतलं होतं, केंद्रांवरून शिकवलेलं नव्हतं. शिकलेलं नातं केंद्रांच्या आसपास जास्त अचूक असतं, प्रारूपातलं नातं जिथे केंद्रच नाहीत तिथेही निदान तग धरतं. तुमच्या मराठवाड्याकडे केंद्रं मोजकी आहेत. जमलं तर दोन्ही जोडून बघा.

दापोली तालुक्यातून लिहितोय. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात भाताच्या रोपांची जमीन पालापाचोळा जाळून भाजतो, त्याला राब म्हणतात. परवा एक साहेब म्हणाले, 'आता उपग्रहावरून सगळं दिसतं हं!' आमचा कवळाचा, म्हणजे तोडलेल्या डहाळ्यांचा, जाळ दिसतो आणि कारखान्याची चिमणी दिसत नाही, असं आहे का?

दादा, तुमचा राग रास्त आहे. तुम्ही ज्याबद्दल विचारताय तो नकाशा वेगळा, आगीच्या ठिपक्यांचा. विअर्स नावाचं उपकरण २०११ पासून सुओमी एनपीपी या उपग्रहावर आहे, पुढे त्याचे आणखी दोन भाऊ वर गेले. ते जमिनीची उष्णता बघतं. त्याचा एक चौकोन ३७५ मीटरचा. भडकलेली आग चौकोनाहून खूप लहान असली तरी सापडते. राबाचा जाळ मात्र छोटा, धुमसता आणि थोड्या वेळाचा. शेण-कवळ-पालापाचोळ्याचा थर, वर माती, तो भडकू नये असाच आपण रचतो. तो बऱ्याचदा सुटूनही जाईल.

चिमणीचं खरं आहे. तिच्यातून निघणारा धूर आगीच्या ठिपक्यात येत नाही. त्यासाठी वायू मोजणारी उपकरणं आहेत, जसं २०१७ पासूनच्या सेंटिनेल-५पी वरचं ट्रोपोमी. नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड त्यात दिसतात, मोठी वीजकेंद्रं तर ठळक दिसतात. म्हणून नुसता आगीचा नकाशा हाती घेऊन प्रदूषण कोण करतं ते ठरवणं अन्यायाचं आहे. त्यात शेतकरी तेवढा दिसतो. कोणी तसा नकाशा नाचवला तर शेजारी ट्रोपोमीचा नकाशा मागा.

आगीच्या ठिपक्यांची मोजदाद दुसऱ्या अंगानेही तोकडी आहे. हे उपग्रह दुपारी दीडच्या आसपास आणि रात्री दीडच्या आसपास जातात. पंजाब-हरियाणात पराळी, म्हणजे भाताचे उरलेले खुंट, दुपारनंतर उशिरा पेटवली गेली की ठिपके घटलेले दिसतात आणि धूर मात्र तेवढाच राहतो. कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाची दर काही मिनिटांची चित्रं बघितल्यावर २०२४ च्या मोसमात हे ठळकपणे पुढे आलं. ठिपके कमी म्हणजे आगी कमी, हे गृहीत धरून कोणाची पाठ थोपटू नये आणि कोणाला दोषही देऊ नये.

राबाचा धूर तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना त्रास देतो का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि त्याचं उत्तर उपग्रहाकडे नाही, तुमच्या घरात आहे. वारा डोंगराकडे असताना भाजा.

गोवंडीला राहते. नातवाला दमा आहे. फोनवरचं एक ॲप १४० दाखवतं, दुसरं १६२, शाळेत लावलेलं छोटं यंत्र ७२ आणि तुमच्या नकाशात आमचा चौकोन तर ५० च्याही खाली! आम्ही खरं काय धरायचं, बाळाला बाहेर सोडायचं की नाही?

आजी, पहिले तिन्ही आकडे एकाच हवेचे असू शकतात. ७२ हे वजन आहे, एक घनमीटर हवेत ७२ मायक्रोग्रॅम. भारतीय निर्देशांकाच्या कोष्टकात ७२ म्हणजे साधारण १४० होतात, अमेरिकी कोष्टकात १६० च्या थोडं वर. ॲपमध्ये खाली बारीक अक्षरांत कुठलं कोष्टक ते लिहिलेलं असतं, नातवाच्या आईकडून एकदा वाचून घ्या. एकच ॲप ठरवा आणि त्याच्यावरच राहा. शाळेतलं छोटं यंत्र लेझरच्या उजेडाने कण मोजतं, ते पावसाळी दमट हवेत जास्त आकडा दाखवतं. हिवाळ्यात चढ-उतार कळायला ते चांगलं आहे.

नकाशातला ५० च्या खालचा आकडा वर्षाची सरासरी आहे. त्यात जुलै-ऑगस्टची हवाही आली. शिवाय तुमच्या त्या एका चौकोनात देवनारचं डम्पिंग ग्राउंड, मोठा रस्ता, खाडी आणि दाट वस्ती असं सगळं येतं, आणि रस्त्याकडेची खोली नि खाडीकडेची खोली यांतला फरक त्याला कळत नाही. खाडीच्या काठी पाणी आणि जमीन मिसळली की एओडी काढणंही अवघड होतं. उपग्रह येतो तो सकाळी आणि दुपारी. टेरा-अ‍ॅक्वाचं इंधन सरत आल्यामुळे त्यांच्या वेळाही आता सरकल्या आहेत, टेरा पूर्वीपेक्षा लवकर जातो, अ‍ॅक्वा उशिरा. हिवाळ्यात हवा सगळ्यात जड असते ती रात्री आणि पहाटे, तेव्हा तो बघतच नाही.

म्हणून नातवाला आज खेळायला सोडायचं का, हे त्या नकाशावरून कधीच ठरवू नका. जवळच्या सरकारी केंद्राचा ताजा आकडा बघा. निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीचा असतो, तो मागे रेंगाळतो, म्हणून तासाचा आकडा मिळाला तर तोच. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातच्या खेळापेक्षा दुपारी चारचा खेळ बहुधा बरा. कचरा जळतोय असा वास आला तर कुठल्याच आकड्याची वाट बघू नका, त्याला आत घ्या. पंप कधी द्यायचा ते मात्र डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

रायगड जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीचा सरपंच आहे. शेजारच्या कारखान्याविरुद्ध हा नकाशा पुरावा म्हणून जोडता येईल का?

कारखान्याविरुद्ध नाही. कण कोणाचे, हे मॉडेलला ठाऊक नसतं, आणि पहिल्याच सुनावणीत समोरचा वकील तेच विचारेल. पण इथे मोजायला हवं, या मागणीसाठी तो जरूर जोडा. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. त्याच्या यादीत १३० च्या आसपास शहरं आहेत, महाराष्ट्रातली १९. गाव एकही नाही. त्यामुळे तुमच्या हवेबद्दल लिखित स्वरूपात आज बहुधा हाच एक अंदाज उपलब्ध आहे.

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे वार्षिक आकडे फुकट मिळतात. पाच-सहा वर्षांचे तुमच्या चौकोनाचे आणि आसपासच्या चौकोनांचे आकडे काढा. शेजारी देशाची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची ५ मायक्रोग्रॅम, दोन्ही लिहा. 'हा अंदाज आहे' हे वाक्य तुम्ही स्वतःच घाला, म्हणजे ते दुसऱ्या कोणाला तुमच्यावर फेकता येणार नाही. मग ग्रामसभेचा ठराव करून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे फिरती मोजणी गाडी मागा. ती निदान तीन आठवडे राहावी, वाऱ्याची दिशाही नोंदवली जावी आणि तासातासाचे आकडे ग्रामपंचायतीला मिळावेत, असं ठरावातच लिहा. कारखान्याकडून वारा असतानाचे तास आणि नसतानाचे तास वेगळे काढता आले, तर तुमचा पुरावा तिथून सुरू होईल. महिना लिहायला विसरू नका: डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात मोजून 'हवा उत्तम' असा दाखला मिळाला, तर तो पुढची काही वर्षं तुमच्याच फायलीत तुमच्याविरुद्ध बसून राहील.